मधला पंखा

यंत्रांना आपण जी नावे देतो त्यांवरून त्यांचे आपल्याशी असलेले नाते कळते, असे मला नेहमी वाटते. मोट, रहाट, चरक, घाणा ही नावे पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळून गुळगुळीत झाली आहेत. इंजिन, पंप, मोटार हे शब्द बाहेरून आले खरे. पण गोंडपिपरीच्या बाजारात आज कोणी ते परके म्हणून उच्चारीत नाही. टॉर्क कन्व्हर्टर ह्या वस्तूला मात्र आमच्याकडे अजून घरचे नाव मिळालेले नाही. ती दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे. इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मधोमध एका लोखंडी घुमटाच्या आत ती बसलेली असते, आणि बिघडेपर्यंत तिच्या असण्याची वार्ता मालकालाही नसते. माझ्या भाच्याला नव्हती. मी तर जन्मभर मुलांना मराठी आणि भूगोल शिकविला; माझा तिच्याशी संबंध येण्याचे काहीच कारण नव्हते. पण एका उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता, आणि त्या वस्तूविषयी मी इतके ऐकले, वाचले, विचारले, की आता तिच्यावर चार शब्द लिहावेत असे वाटू लागले आहे.

आमच्या भागात त्या पिवळ्या यंत्राला, ते कोणत्याही कारखान्यातून आलेले असो, जेसीबीच म्हणतात. सगळ्या वनस्पती तुपाला एके काळी डालडा म्हणत तसे. पुढे लोडरचे रुंद तोंड, मागे खोदणारा लांब हात, आणि मध्ये फिरत्या खुर्चीवर ऑपरेटर. भाच्याने ते घेतले तेव्हाच दोन मालकांच्या हाताखालून गेलेले होते. त्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीने दोन एकर धानाची जमीन तारण ठेवली. मुलगा एकुलता एक, बाप नसलेला. आयटीआय होऊन बल्लारपूर-चंद्रपूरच्या कारखान्यांच्या फाटकांवर चार वर्षे चकरा मारून थकलेला. कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला यायचा. यंत्राचे काम मात्र असे महिन्यांच्या हिशेबाने येत नाही. पावसाळ्यात आमच्या मातीत ते रुतते. हिवाळ्यात घरांचे पाये आणि शेतांचे बांध अशी किरकोळ कामे मिळतात. आणि वर्षाची खरी कमाई होते ती एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंतच्या सात-आठ आठवड्यांत. त्या दिवसांत तलाव कोरडे पडतात.

तलावांविषयी थोडे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा मुलूख, आणि गोंड राजांच्या काळापासून इथे गावोगाव तलाव बांधले गेले. उताराचे पाणी मातीची पाळ घालून अडवायचे आणि खालच्या बांध्यांना द्यायचे, एवढीच त्याची विद्या. पण पाळ कुठून वळवायची आणि जास्तीचे पाणी कुठून काढून द्यायचे हे कळायला पिढीजात नजर लागत असे. कोहळी समाजाची त्याबद्दल ख्याती आहे. पुढे मालगुजार आले आणि तलाव त्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ज्याचे पाणी त्याने गाळ काढायचा ही जुनी रीत हळूहळू मोडली, आणि तलाव ताटलीसारखे उथळ होत गेले. २०१७ साली राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली. गाळ यंत्राने काढायचा आणि शेतकऱ्याने तो आपल्या ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरायचा. योजनांची नावे यमकात का असतात हे मला कधी कळले नाही, पण ही योजना चांगली होती. आमच्या भाच्याला मिळालेले काम गोंडपिपरीहून पाचसहा कोसांवरच्या एका अशाच तलावाचे होते.

काम सुरू होऊन नऊ दिवस झाले आणि यंत्र गाळाच्या ढिगात तोंड खुपसून उभे राहू लागले. बंद पडत नव्हते. इंजिन कण्हत होते, धूर काळा येत होता, पण चाके हलत नव्हती. मागेपुढे करून, उतार बघून, कसेबसे दोन ट्रॉल्या भरून झाल्या की तेलाचा काटा तांबड्यात जाई, आणि मग पळसाच्या सावलीत तासभर स्वस्थ बसावे लागे. सावली म्हणायची एवढेच. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, तेव्हा सावलीलाही घाम येतो. ट्रॅक्टरवाले दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातले दोघे दुसऱ्या गावच्या तलावावर गेले. गेले त्यांचा राग नाही. डिझेल त्यांनाही लागते.

गावातल्या गावात दोघातिघांनी पाहून इंजिन उतरवावे लागेल असे सांगितले. मग बल्लारपूरकडचा एक मिस्त्री आला. मातृभाषा तेलुगू, वय साठीच्या घरचे. कोळशाच्या खाणींत ठेकेदारांच्या डंपरांवर पंचवीस वर्षे काढलेली. मराठी बोलताना वाक्याचा शेवट तो थोडा वर उचलून ठेवी, त्यामुळे त्याचे प्रत्येक विधान प्रश्नासारखे वाटे. आल्याबरोबर त्याने हत्यारांची पेटी उघडलीच नाही. भाच्याला खुर्चीत बसविले आणि मागच्या हाताने कठीण जमिनीत खड्डा खणायला लावला. हात भराभर खणू लागला. “इंजिनात दम आहे,” मिस्त्री म्हणाला. हाताचा पंप इंजिनाच्याच जोरावर चालतो. इंजिन थकलेले असते तर हातही थकला असता. मग त्याने यंत्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे, पाळीच्या चढावर घालून पाहिले. दोन्हीकडे सारखेच निर्जीव. पुढच्या आणि मागच्या चालीसाठी गिअरपेटीत वेगवेगळे क्लच असतात; दोन्ही एकाच दिवशी, एकाच मापाने झिजतील हे संभवत नाही. मग तेलाची पातळी पाहिली, दाबाचे घड्याळ लावून दाब पाहिला. दोन्ही ठीक. शेवटी तेलाची काठी काढून त्याने ती माझ्यापुढे धरली. “गुरुजी, वास घ्या.” करपलेल्या फोडणीचा वास होता. दोन बोटांत तेल चोळून त्याने उन्हात धरले, तेव्हा त्यात अभ्रकासारखी बारीक चमक दिसली. “हे कुठून आलं? कन्व्हर्टरच्या पोटातून आलं.”

मला त्या अर्ध्या तासाचे फार कौतुक वाटले. निदान करणारे पुष्कळ असतात, पण एकेक संशयिताला निर्दोष ठरवीत जाऊन उरलेल्याला पकडणारे थोडे. शाळेतल्या भूमितीत आम्ही मुलांना ही रीत शिकवितो, आणि ती व्यवहारात कुठे लागते असे एखाद्या मुलाने विचारले की आमची पंचाईत होते.

आता ही वस्तू काय आहे ते मला समजले तसे सांगतो. इंजिन फिरत असते, चाके थांबलेली असतात; दोघांना एकदम जोडले तर इंजिन गचका खाऊन बंद पडेल. म्हणून साध्या मोटारीत क्लच असतो, आणि तो पायाने हळूहळू सोडावा लागतो. गाळाच्या ढिगाला मिनिटामिनिटाला धडक देणाऱ्या यंत्रात असा क्लच ठेवला तर तो आठवड्यात जळेल आणि ऑपरेटरचा गुडघा महिन्यात जाईल. म्हणून इथे इंजिन आणि चाके यांच्यामध्ये लोखंडाचा सांधाच ठेवलेला नाही. मध्ये आहे फक्त तेल. तेलाने भरलेल्या एका गोल डब्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल भिरकावतो. दुसरा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो आणि गिअरपेटीला फिरवतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर दुसरा आपोआप फिरू लागतो, तसेच हे. एवढ्याने सांधा झाला, पण जोर वाढला नाही. जोर वाढतो तो मधल्या तिसऱ्या, लहानशा पंख्यामुळे. दुसऱ्या पंख्यावर आदळून परतणारे तेल उलट्या दिशेने येऊन पहिल्यालाच अडवू पाहते; मधला पंखा त्याला वळण देऊन पहिल्याच्या मदतीला लावतो. चाके अडून उभी असताना ह्या युक्तीने इंजिनाचा पीळ दुपटी-तिपटीपर्यंत वाढतो. वेग येऊन दोन्ही पंखे सारखे फिरू लागले की ह्या वळणाची गरज संपते, आणि मग मधला पंखा स्वतःही त्यांच्याबरोबर मोकळा फिरू लागतो. त्याच्या पोटात एक एकेरी क्लच असतो. एका बाजूला फिरू देतो, दुसऱ्या बाजूला अडवतो. आमच्या यंत्रात हाच क्लच तुटला होता. अडून उभे राहायचे ते मधला पंखा तेलाच्या माऱ्यापुढे मागे मागे सरकत होता, आणि त्यामुळे पीळ वाढत नव्हता. उलट परतणारे तेल इंजिनालाच दाबत होते.

ही कल्पना जमिनीवरच्या माणसाला सुचलेली नाही. हेर्मान फ्योटिंगर नावाचा एक जर्मन अभियंता श्टेटिनच्या जहाजांच्या कारखान्यात होता. वाफेची टर्बाइने जहाजांवर नुकतीच आली होती. ती इतक्या वेगाने फिरत की त्यांना थेट पंखा जोडला तर पाणी नुसते घुसळले जाई. वेग उतरवून पीळ वाढवण्यासाठी त्याने मध्ये पाण्याचा सांधा घातला आणि १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. जहाजांना पुढे चांगली दातेरी चाके मिळाली आणि त्यांनी हा सांधा सोडून दिला. तो जमिनीवर आला. अमेरिकेत १९४८ साली ब्यूइक मोटारीत तो आला, आणि पुढे स्वयंचलित गिअरच्या गाड्यांचा तो प्राणच झाला. आपल्याकडे हल्ली ज्या गाड्या ‘ऑटोमॅटिक’ म्हणून मिरवतात त्या सगळ्यांत तो असतो असे नाही. पुष्कळ स्वस्त गाड्यांत साधाच क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. चंद्रपूरच्या एका डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा ते आपल्या नव्या गाडीकडे जरा संशयाने पाहू लागले.

आणि हा सांधा आपल्या मुलखाला नवाही नव्हता. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी २०१९ साली बंद झाली. तिला ओढणारी डिझेल इंजिने तेलाच्या सांध्याचीच होती. ‘सुरी ट्रान्समिशन’ म्हणतात ती योजना रेल्वेतले अभियंते मनमोहन सुरी यांनी काढली. गाडी हलवताना कन्व्हर्टर आणि वेग आला की सरळ जोडणी, असा तो मेळ होता. सुरींना १९६२ सालचा भटनागर पुरस्कार मिळाला, आणि ते यंत्र पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने बनविले. त्या गाडीतून मी कितीदा तरी गेलो असेन. खिडकीतून मोहाची झाडे बघत होतो आणि आपल्याला ओढणारे सगळे बळ एका डबाभर तेलातून येते आहे ह्याची मला गंधवार्ताही नव्हती.

असो. दोष कळला, आता प्रश्न दुसरा कन्व्हर्टर कुठून आणायचा हा. तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे भंगारात निघालेल्या एका यंत्राचा काढून ठेवलेला कन्व्हर्टर. नदीपलीकडे तेलंगणात तो मिळत होता, नव्याच्या चौथ्या हिश्शात, आणि दुसऱ्या दिवशी. दुसरी वाट आपलाच कन्व्हर्टर नागपूरला पाठवून दुरुस्त करून घेण्याची. तो वेल्डिंगने कायमचा बंद केलेला असतो. लेथवर फिरवून तो वेल्ड कापतात, आतला क्लच, बेअरिंगे, सील बदलतात आणि पुन्हा वेल्ड करतात. तिसरी वाट नवा घेण्याची. म्हणजे जवळजवळ तीन हप्त्यांची रक्कम.

भाच्याचा जीव पहिल्या वाटेवर होता. तो मोटरसायकलने जाऊन ती वस्तू घेऊनही आला, आवडली नाही तर परत करायच्या बोलीवर. पोत्यात गुंडाळलेला तो डबा अंगणात ठेवला. आपला जुना आणि हा, शेजारी शेजारी ठेवले तर सख्खे जुळे दिसत होते. मिस्त्रीने व्हर्नियरने व्यास मोजला, बोल्टांची भोके मोजली, आतले दाते मोजले. सगळे जुळले. भाच्याच्या चेहऱ्यावर हसू आले. मग मिस्त्रीने चिंधीला डिझेल लावून काठावरचा गंज पुसला आणि तिथे ठोकलेला नंबर वाचला. नंबर वेगळा होता. “बाहेरून जुळे, आतून चुलत,” तो म्हणाला. तो डबा त्याच मापाच्या, पण कमी ताकदीच्या इंजिनासाठी केलेला होता. आतल्या पात्यांचा कोन निराळा.

“काय फरक पडते जी त्यानं? बसते तर खरा,” भाचा म्हणाला.

फरक काय पडतो हे मिस्त्रीने ज्या शब्दांत सांगितले ते मला अजून आठवते. इंजिन आणि कन्व्हर्टर यांची लग्ने जुळवावी लागतात, असे तो म्हणाला. चाके पूर्ण अडलेली असताना इंजिन जास्तीत जास्त किती फेऱ्यांवर जाऊन थांबते, त्याला स्टॉलचा आकडा म्हणतात, आणि तो आकडा इंजिनाला जिथे सगळ्यात जास्त पीळ येतो त्याच्या आसपास पडला पाहिजे. कन्व्हर्टर फार घट्ट असला तर इंजिन त्या जागेपर्यंत पोचतच नाही, खालीच दबून राहते. फार सैल असला तर इंजिन बोंबलते, आणि त्याची ताकद चाकांना न मिळता तेल तापविण्यात जाते. व्यासात थोडा फरक केला तरी ह्या हिशेबात केवढा फरक पडतो, हे मी नंतर पुस्तकात वाचले. पंख्याची पीळ पेलण्याची शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. व्यास दहावा हिस्सा वाढवला तर शक्ती दीडपटीच्याही वर जाते. तीच गोष्ट पात्यांच्या कोनाची. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर सगळा संसार अवलंबून. मिस्त्रीने तो डबा बसवायला साफ नकार दिला. “मी बसवून देईन, पैसे घेईन, जाईन. मग तुम्ही माझं नाव घेऊन रडाल?” वाक्याचा शेवट नेहमीप्रमाणे वर गेला.

दुसऱ्या वाटेचा विचार आम्ही गंभीरपणे केला. नागपूरला चांगले कारागीर आहेत, आणि दुरुस्त कन्व्हर्टर म्हणजे कमअस्सलच असे मिस्त्रीचे मत नव्हते. त्याचे प्रश्न दोनच होते: वेल्ड केल्यावर तोल तपासतात काय, आणि हवा भरून गळती तपासतात काय. इंजिनाबरोबर मिनिटाला दोन हजारांवर फेऱ्या घेणारी ती वस्तू. तोल गेला तर सील आणि पंप दोन्ही खाऊन टाकील. पण जुना डबा उभा करून हलविला तेव्हा आत खळखळ वाजले. तुटलेले रोलर पात्यांवरून फिरले होते. पाती सोलून निघाली असतील तर नव्या क्लचने काय होणार? शिवाय नागपूरकर आठ दिवस मागत होते, आणि मे महिन्याची विसावी तारीख उजाडली होती.

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर ह्याच गोष्टी चालल्या होत्या. बहीण भांडी घासत होती. ती आमच्या बोलण्यात पडली नव्हती, पण ऐकत होती. मिस्त्रीला तिने एकच विचारले, “तो डबा घालायले सारं यंत्र उघडा लागते का जी?” मिस्त्री म्हणाला, होय, गिअरपेटी उतरवावी लागते, दोन दिवस, तीन माणसे. “अन् खराब निघाला तर?” तर पुन्हा तेवढेच. बहीण हात पुसत म्हणाली, “बियाणं स्वस्तात भेटलं म्हणून दुबार पेरणी करा लागन का? नवा आणा.” दर वाढेल म्हणून तिने कोठीत धान राखून ठेवले होते. ते दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडे गेले. दर वाढायच्या आधीच गेले, हे लिहिताना मला आजही बरे वाटत नाही.

नवा कन्व्हर्टर तिसऱ्या दिवशी रात्री बसने आला. बसविण्याचे काम उन्हामुळे दिवसा करणे शक्य नव्हते. लोखंडाला हात लावला तर फोड येई. तलावाच्या पाळीखाली ताडपत्री बांधून, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दोन दिवे लावून मिस्त्री आणि त्याची दोन पोरे कामाला लागली. मी बघायला म्हणून गेलो आणि चिमण्या ओरडेपर्यंत बसून राहिलो.

गिअरपेटी आधीच उतरवून ठेवली होती. मला वाटले होते, आता नवा डबा घालतील. पण सगळी पहिली रात्र गेली ती धुण्यात. तेल थंड करणाऱ्या जाळीच्या नळ्या काढल्या, तिच्यातून आधी डिझेल आणि मग दाबाची हवा सोडली, आणि तीही उलट्या बाजूने. कचरा ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर यावा म्हणून. पहिल्या खेपेला बाहेर आले ते शिशाच्या रंगाचे पाणी. सातव्या खेपेला स्वच्छ आले. फिल्टर नवा, होज पाइप आतून पुसलेले. हे न करता नवा कन्व्हर्टर घालणे म्हणजे जुन्याची राख नव्याच्या पोटात घालणे, असे मिस्त्री म्हणाला. आणि नव्या वस्तू महिन्याभरात मरतात त्यांतल्या निम्म्या अशाच मरतात.

दुसऱ्या रात्री बसविणे. आधी इंजिनाच्या बाजूच्या पातळ पोलादी तबकडीवर घड्याळाचा काटा टेकवून ती फिरविली. ती वाकडी नाही ह्याची खात्री केली. मग नव्या कन्व्हर्टरात तेल ओतले, कारण कोरडा फिरला तर पहिल्या मिनिटालाच बेअरिंग जळते. सीलला तेलाचे बोट फिरविले. मग तो गिअरपेटीच्या दांड्यावर चढवून, दोन्ही हातांनी मागेपुढे फिरवीत फिरवीत आत ढकलला. तो एकदम बसत नाही. आतल्या आत तीन ठिकाणी दाते मिळावे लागतात: एक दुसऱ्या पंख्याचे, एक मधल्या पंख्याचे, आणि शेवटचे गिअरपेटीच्या पंपाचे. प्रत्येक मिळणीला डबा ‘टक’ करून थोडा आत जातो. मिस्त्री डोळे मिटून फिरवीत होता. मला आमच्या आजीची आठवण झाली; ती जात्याचा खुंटा असाच, न बघता, आवाजावरून ठोकीत असे. तीन वेळा टक झाले. पट्टी लावून अंतर मोजले, ते बरोबर होते.

मग चेन पुलीवर गिअरपेटी उचलून इंजिनाकडे सरकवायला लागले. सहा माणसे, कोणी पहार लावून, कोणी खांदा देऊन. जवळ जवळ आली आणि थांबली. दोन्ही घुमटांच्या कडांमध्ये बोटभर फट राहिली. रात्रीचे अडीच वाजले होते. भाच्याने लांब बोल्ट घेतले आणि पाना लावला. “दोन-दोन आटे फिरवले का येते जी बरोबर,” तो म्हणाला. तो सगळ्यांनाच पटला. पोरे थकली होती, मीही मनात हो म्हटले होते. मिस्त्रीने त्याच्या हातातला पाना काढून घेतला. रागावला नाही. गिअरपेटी पुन्हा मागे घ्यायला सांगितली, खाली ठेवायला सांगितली, आणि कन्व्हर्टरवर हात ठेवून म्हणाला, “बाहेर सरकला हा.” पट्टी लावली. खरेच, उचलताना पेटी पुढे कलली होती आणि डबा पंपाच्या दात्यांवरून नखभर निसटला होता. बोल्ट आवळले असते तर फट मिटली असती, बाहेरून सगळे सुबक दिसले असते, आणि आत पंपाचे दाते डब्याच्या कडेखाली चिरडले असते. ते कळले असते इंजिन चालू केल्यावर.

पुन्हा फिरविणे, पुन्हा टक. ह्या वेळी डबा पुढे येऊ नये म्हणून एक लोखंडी पट्टी आडवी बांधली. पुन्हा चेन पुली. पहाटे पाचला दोन्ही कडा नुसत्या हाताच्या रेट्याने एकमेकींना टेकल्या. बोल्टांनी फक्त त्या धरून ठेवल्या. मग खालच्या झरोक्यातून एकेक भोक समोर आणून तबकडीचे बोल्ट घातले, आधी सगळे बोटाने आणि मग टॉर्क पान्याने. भाचा ते करीत होता. त्या रात्री तो फारसा बोलला नाही, पण प्रत्येक बोल्ट घालताना मिस्त्रीकडे बघत होता, आणि मिस्त्री मान हलवी तेव्हाच पुढचा उचलीत होता. बापाच्या पश्चात मी त्याला असे कोणाकडे बघताना पाहिलेले नव्हते.

सकाळी तेल भरून इंजिन सुरू केले. तेल डब्यात आणि जाळीत शिरते तशी पातळी उतरते, म्हणून पुन्हा भरले. अर्धा तास इकडेतिकडे चालवून ते गरम होऊ दिले. मग परीक्षा: पायाचा ब्रेक, हाताचा ब्रेक, वरचा गिअर, आणि पूर्ण रेस. यंत्र जागच्या जागी थरथरत उभे. मिस्त्री आकडे मोजत होता. ही परीक्षा काही क्षणांच्या वर घ्यायची नसते, कारण त्या वेळी इंजिनाची सगळी ताकद नुसती तेल तापवीत असते. काटा चढला आणि पुस्तकातल्या आकड्यापाशी थांबला. “सोड,” मिस्त्री ओरडला. इंजिन संथ झाले. त्याने बिडी पेटविली.

त्यानंतर काम झाले बारा दिवस. गेलेल्या दोन ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकजण परत आला, दुसरा आला नाही. मे महिन्याचा हप्ता चुकला; त्यासाठी बँकेचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला, आणि जाताना दंडाचा कागद देऊन गेला. जूनचा वेळेवर भरला. तलावाचा पाळीकडचा भाग पुरुषभर खोल झाला, पण वरच्या अंगाचा एक कोपरा राहिला तो राहिलाच. सात जूनच्या रात्री पाऊस आला आणि सकाळी तिथे यंत्र नेण्याची सोय उरली नाही. यंदा गावकरी तो कोपरा आधी घ्या म्हणतात. मिस्त्रीने भाच्याला आपल्याकडे कामाला बोलावले आहे, पावसाळ्याचे चार महिने मोकळे जातात त्यांसाठी. बहिणीला ते आवडलेले नाही. तिचे म्हणणे, यंत्र आपले असताना दुसऱ्याच्या हाताखाली कशाला? भाचा काही बोलत नाही, पण त्याने व्हर्नियर विकत घेतला आहे.